झुकलेले ग्राफिक्स कार्ड आणि चुकीच्या जागी दिलेला टेकू: गोव्यातल्या साखळी गावचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

साखळीत घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ चालवणाऱ्या व्हिडिओ एडिटरचे हे प्रकरण. लग्ने, नाटकांची चित्रीकरणे, चैत्रातला वीरभद्राचा उत्सव, आसपासच्या जत्रा आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणणाऱ्या घुमट आरतीच्या पथकांचे व्हिडिओ, असे त्याचे वर्षभराचे काम असते. ओळख उघड होऊ नये म्हणून त्याच्याविषयी एवढेच. मी संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहे. त्याचे मशीन माझ्यापुढे आले ते श्रावणात, चवथ तोंडावर आलेली असताना.

मशीन अडीच वर्षांचे होते, शहरातल्या एका दुकानातून जोडून घेतलेले. उभे कॅबिनेट, एका बाजूला काच, आत तीन पंख्यांचे ३२ सेंटिमीटर लांबीचे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र-व्हिडिओचे जड काम करणारा भाग. कार्ड काट्यावर ठेवले तेव्हा वजन १ किलो ३८० ग्रॅम भरले. आता तर याहून जड कार्डे सर्रास मिळतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कंपनीच्या स्वतःच्या रचनेत ३०४ मिलिमीटर लांब आणि दोन किलोच्या वर आहे.

हे वजन कशावर तोलले जाते ते आधी पाहू. मदरबोर्डवरचा (संगणकाच्या मुख्य पाटीवरचा) स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच, जेमतेम नऊ सेंटिमीटर लांब असतो. कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याचा ब्रॅकेट असतो आणि तो कॅबिनेटला दोन किंवा तीन स्क्रूंनी आवळलेला असतो. पुढचे साधारण अर्धे कार्ड अधांतरी राहते. भिंतीत एकाच टोकाला रोवलेल्या फळीवर सामान लादावे तसा हा प्रकार आहे. १९९० च्या दशकात बऱ्याचदा कॅबिनेट टेबलावर आडवे असे आणि मॉनिटर त्याच्यावर बसे. तेव्हा कार्ड स्लॉटात उभे राही, त्याचे वजन सरळ खाली स्लॉटात उतरे आणि झुकण्याचा प्रश्नच नसे. पुढे कॅबिनेट उभे झाले, कार्ड आडवे झाले, आणि मग कार्डाचे वजनही वाढत गेले.

कार्ड दोन दिशांनी झुकते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक, ब्रॅकेटपासून लांबचे टोक खाली येते. दोन, मदरबोर्डकडची कड स्लॉटात घट्ट असल्यामुळे काचेकडची कड खाली कलते, आणि वीजपुरवठ्याच्या जाड केबली त्याच कडेला लटकत असल्या की आणखी कलते. म्हणून काचेकडचा पुढचा कोपरा सगळ्यांत खाली गेलेला दिसतो.

अडचण

एप्रिलमध्ये एका मंदिरातला उत्सव थेट प्रक्षेपित करायचा होता. त्यासाठी एडिटरने मशीन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून फोंड्याला नेले आणि परत आणले. कार्ड आतच होते. घरी आल्यावर काचेतून पाहिले तर पुढचे टोक खाली आलेले. तसे ते आधीपासून थोडे झुकलेले असणार, पण नजरेत भरले ते त्या दिवशी.

त्याने इंटरनेटवर शोधले. टेकू द्यावा हे त्याला कळले, आणि ते बरोबरच होते. घरात आजीच्या गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची बाटली होती, उंची जवळपास जुळत होती. झाकण फिरवून त्याने ती हवी तेवढी उंच केली आणि कार्डाच्या पुढच्या टोकाखाली ठेवली. कार्ड सरळ दिसू लागले. फोटोत तर फारच छान दिसत होते.

पाऊस सुरू झाल्यावर सकाळी मशीन चालू केले की थोडा वेळ टकटक आवाज येऊ लागला. गरम झाले की आवाज थांबे. दमटपणामुळे असेल असे त्याने धरले. साखळीत, वाळवंटी नदीच्या काठच्या घरांत पावसाळ्यात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तेव्हा हा तर्क काही वावगा नव्हता. जुलैअखेर आवाज बंद झाला. त्याला बरे वाटले. मात्र त्याच सुमारास व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला, म्हणजे तयार फाइल निघायला, पूर्वीपेक्षा बराच वेळ लागू लागला.

आवाज बंद झाला त्याच वेळी खरे तर सावध व्हायला हवे होते. घासणारा पंखा आपोआप गप्प होतो, त्याचा अर्थ बहुधा तो फिरायचा थांबला असा असतो.

पुढच्या टप्प्यावर आणखी एक गैरसमज आड आला. तिसरा पंखा थांबलेला त्याने काचेतून पाहिला होता. पण आजची बहुतेक कार्डे थंड असताना पंखे मुद्दामच बंद ठेवतात आणि तापमान साधारण ५०-६० अंशांच्या वर गेल्यावर सुरू करतात. हे त्याला माहीत होते, म्हणून थांबलेला पंखा त्याने नेहमीचाच धरला. पंखा बिघडला की नाही हे मशीन निवांत असताना ठरवता येत नाही. एक्सपोर्ट चालू असताना, कार्ड तापलेले असतानाच पाहावे लागते.

तपासणी

एक्सपोर्ट लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडला. एका पंख्याच्या ओळीत फेरे दिसत होते, दुसऱ्या ओळीत शून्य. या कार्डात पहिले दोन पंखे एका जोडणीवर आणि तिसरा स्वतंत्र होता, त्यामुळे कोणता पंखा मेला हे लगेच कळले. तापमान ८४ अंशांवर जाऊन तिथेच अडकले होते आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करत होते. एक्सपोर्टला लागणारा जास्तीचा वेळ तिथे जात होता.

मग त्याच प्रोग्राममधली बस इंटरफेसची, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्या जोडणीची ओळ पाहिली. झुकलेल्या कार्डाचे संपर्क स्लॉटात अर्धवट बसले असतील तर इथे १६ ऐवजी ८ किंवा ४ लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) दिसू शकतात. ते वाचताना एक पथ्य पाळावे. निवांत असताना कार्ड वीज वाचवण्यासाठी जोडणीची पिढी (वेगाची पायरी) खाली आणते, त्यामुळे तिथे १.१ दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. लेनची संख्या मात्र जागेवर हवी. काही मदरबोर्ड दुसऱ्या स्लॉटात काही लावले की पहिल्याच्या लेन आठ करतात, तेही तपासावे. इथे १६ होत्या. स्लॉट शाबूत होता, हा मोठा दिलासा.

मशीन बंद केले, प्लग काढला, काच उतरवली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. ब्रॅकेटला दोन स्क्रूंची जागा होती आणि स्क्रू एकच होता, तोही बोटाने फिरण्याइतका सैल. म्हणजे कार्ड झुकण्याचे मूळ जोडणीच्या दिवसापासूनच होते. फोंड्याच्या फेरीतल्या हिसक्यांनी ते वाढवले, इतकेच. पट्टी लावून मोजले तेव्हा बाटलीशिवाय पुढचा कोपरा ८ मिलिमीटर खाली होता.

आणि बाटली? तिचे झाकण तिसऱ्या पंख्याच्या गोलाच्या अगदी कडेला टेकले होते. तिथे फक्त प्लास्टिकचे कवच असते, ज्याला दुकानांत श्राउड म्हणतात. ते कवच चार-सहा बारीक स्क्रूंनी हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्याला, धरलेले असते, आणि पंखे बहुतेक वेळा त्या कवचालाच बसवलेले असतात. कवचाखालून दाब दिला की कार्डाचे वजन उचलण्याआधी कवच वाकते. पंख्याची पाती आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर असते. जवळजवळ दीड किलोचे कार्ड महिनोन्‌महिने त्या एका ठिकाणी बसून होते. कवच हळूहळू आत दबले, पात्यांची बाहेरची कडी घासू लागली, आणि अडखळत फिरणाऱ्या पंख्याचे बेअरिंग झिजले. कवचाच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा पांढरा ओरखडा स्पष्ट दिसत होता.

या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कार्ड झुकल्यामुळे पंखा बिघडला नाही. झुकणे थांबवायला दिलेल्या टेकूने तो बिघडवला.

समोरचे पर्याय

चवथीच्या आधी घुमट आरतीचे बरेच व्हिडिओ द्यायचे होते. पथकांचे आगाऊ पैसे घेतलेले. त्यामुळे प्रश्न दोन होते: आज काम कसे चालवायचे, आणि कार्ड कायमचे कसे नीट करायचे. एडिटर दोन्ही प्रश्न एकत्र करून बघत होता आणि त्यामुळे घाबरला होता. "दादा, नवीनच कार्ड घेऊ का?" हा त्याचा पहिला प्रश्न. दोन प्रश्न वेगळे केल्यावर नव्या कार्डाचा विषय निघून गेला.

कार्ड वॉरंटीत पाठवणे हा पहिला पर्याय. तीन वर्षांपैकी काही महिने शिल्लक होते. पण कार्ड गोव्याबाहेर जाऊन परत येईपर्यंत चवथ होऊन गेली असती. त्या काळात काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर करता येईल का, हे तपासले. त्याचा प्रोसेसर इंटेलचा होता आणि नावाच्या शेवटी एफ नव्हता, म्हणजे आतले ग्राफिक्स होते आणि क्विक सिंक या इंटेलच्या सोयीने एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारातला एक्सपोर्ट चालला असता. एफ असलेल्या प्रोसेसरात ही सोय नसते, आणि कार्ड कुरिअरला दिल्यावर ते कळले तर पडदा काळाच राहतो. सोय होती खरी, पण त्याच्या प्रोजेक्टांतले रंगसंस्काराचे थर तिच्यावर फार रेंगाळले असते.

सगळे कवच काढून हीटसिंकवर कॅबिनेटचे १२० मिलिमीटरचे पंखे केबल टायने बांधणे हा दुसरा. थंडावा उत्तम मिळतो. पण ते पंखे २५ मिलिमीटर जाड असतात, खालची जागा खातात, आणि वॉरंटीचा विषय संपतो.

राईजर केबल (स्लॉट लांब करणारी केबल) घेऊन कार्ड काचेला समांतर उभे लावणे हा त्याला सगळ्यांत आवडलेला पर्याय होता, कारण दिसते देखणे. मी तो नको म्हटले. त्या कॅबिनेटात उभ्या कार्डाचे पंखे काचेला जवळजवळ चिकटले असते आणि हवा ओढायला जागाच उरली नसती. आपल्याकडच्या हवेत, एसी नसलेल्या खोलीत, तापमानाशी असा खेळ करू नये.

शेवटचा पर्याय फुकटचा होता: कॅबिनेट आडवे निजवणे.

काय केले

तेच केले. बाटली काढली, ब्रॅकेटला दुसरा स्क्रू लावला आणि कॅबिनेट काच वर येईल असे आडवे ठेवले. कार्ड स्लॉटात उभे राहिले आणि वजन सरळ खाली गेले. समोरची हवेची वाट मोकळी ठेवली, एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) पंखा भिंतीकडे जाणार नाही हे पाहिले. त्याचा प्रोसेसर हवेवर थंड होणारा होता. पाण्यावरचा कूलर असता तर रेडिएटर आणि पंप यांची वर-खालची जागा आधी तपासावी लागली असती.

आफ्टरबर्नर या कार्डाची वीज आणि पंखे ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली आणि चालू असलेले दोन पंखे ७५ टक्क्यांवर कायम केले. तापमान ७६ अंशांच्या आसपास स्थिरावले. एक्सपोर्ट थोडा मंद होता, पण वेग मध्येच कोसळत नव्हता, त्यामुळे किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येत होता. तारखा द्यायच्या असतात तेव्हा ही खात्री वेगापेक्षा मोलाची असते. सगळे व्हिडिओ वेळेत गेले.

वॉरंटीचा प्रश्न

चवथीनंतर एडिटरपुढे खरा निर्णय आला. तक्रारीत काय लिहायचे? "पंखा फिरत नाही" एवढे लिहून मोकळे व्हावे असा सल्ला त्याला मित्रांनी दिला होता. त्याने सगळे लिहिले: टेकू कुठे होता, ओरखडा कुठे आहे, सोबत फोटो. मला हे मनापासून पटले. ओरखडा लपणार नव्हता, आणि कार्ड पाठवून, आठवडे थांबून नकार ऐकण्यापेक्षा आधीच उत्तर मिळणे बरे.

उत्तर आले: बाहेरच्या दाबाने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, पैसे भरून दुरुस्ती करता येईल. फोटोत ब्रॅकेटवर गंजाचे ठिपके दिसत होते, त्याबद्दलही विचारणा झाली. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आपल्या कार्डाच्या अटींतले गंजाचे कलम खरेदीच्या वेळीच वाचून ठेवावे. साखळी समुद्रापासून आत आहे, तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत पत्र्याच्या कडेला गंज धरतोच. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात खारी हवा त्यात भर घालते.

दुरुस्तीचा आकडा पाहून त्याने पंख्यांचा संच स्वतः मागवला.

पंखे बदलताना

पंखा नुसत्या व्यासावर मागवला की फसगत होते. पंख्याच्या मधल्या चकतीवर किंवा मागे चिकटपट्टीवर मॉडेल क्रमांक, व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. ते, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि जोडणीतल्या तारांची संख्या, इतके सगळे जुळवले. तीन पंख्यांच्या बऱ्याच कार्डांत मधला पंखा उलट दिशेने फिरतो आणि त्याची पाती आरशातल्यासारखी उलटी असतात. तिथे साधा पंखा बसवला तरी हवा हीटसिंककडेच जाते, पण शेजारच्या पंख्यांच्या झोतांशी तिची ओढाताण वाढते. म्हणून संच घेतला, तिन्ही बदलले.

या कार्डाचे कवच हीटसिंक न हलवता निघत होते, त्यामुळे चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्टला हात लावावा लागला नाही. जोडणी फार नाजूक असते. तारा धरून न ओढता प्लास्टिकच्या चिमट्याने कडेला धरून सुटी केली. हीटसिंकमध्ये तांबडी धूळ भरलेली होती. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात रस्त्याकडेच्या घरांत ती येतेच. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवली. हवेच्या झोताने पंखा मोकळा गरगरू दिला की तो आपल्या मर्यादेपलीकडच्या वेगाने फिरतो आणि नवे बेअरिंगही खराब होऊ शकते. चवथीच्या साफसफाईत हौसेने ब्लोअर मारून खराब केलेले पंखे मी पुष्कळ पाहिले आहेत.

टेकू कसा दिला

कॅबिनेट पुन्हा उभे करायचे होते, टेबलावर आडव्यासाठी जागा नव्हती. चुंबकाच्या बुडाचा, स्क्रूने उंची बदलणारा, वर रबर लावलेला स्टँड घेतला. असा स्टँड फार महाग नसतो, आणि कितीतरी कार्डांसोबत तो किंवा त्याच्यासारखा आधार खोक्यातच येतो. याच्याही खोक्यात पत्र्याचा एक आधार होता, माळ्यावर पडून!

क्रम असा ठेवला. प्लग काढून ब्रॅकेटचे स्क्रू किंचित सैल केले. हाताने कार्डाचे पुढचे टोक समपातळीत उचलले आणि तसेच धरून दोन्ही स्क्रू आवळले. यानेच ८ पैकी बरेचसे मिलिमीटर भरून निघाले. मग काचेकडच्या पुढच्या कोपऱ्याखाली स्टँड आणला. जागा निवडताना बोटाने दाबून पाहिले: जिथे दाबल्यावर कवच लवते तिथे टेकू नाही. या कार्डात अगदी टोकाला हीटसिंकची धातूची चौकट कवचापर्यंत आलेली होती, पंख्याच्या गोलापासून दूर. टेकू तिथे दिला. उंची इतकीच ठेवली की मध्ये घातलेली कागदाची पट्टी थोडी अडत, पण न फाटता निघावी. जास्त उचलले तर कार्ड उलट्या बाजूने वाकते आणि स्लॉटाच्या लॉकजवळच्या खाचेवर ताण येतो. तिथे कार्डाला तडा गेला तर दुरुस्ती जवळजवळ होत नाही. शेवटी तिन्ही पंखे बोटाने फिरवून पाहिले आणि वीजपुरवठ्याच्या केबली वरच्या बाजूने वळवून बांधल्या, म्हणजे त्यांचे ओझे कडेला लटकणार नाही आणि पात्यांतही येणार नाहीत.

परिणाम

पट्टीने मोजलेला फरक एका मिलिमीटरच्या आत आला. पूर्ण वीजमर्यादेवर एक्सपोर्ट करताना तापमान ७१ अंशांवर राहिले. दिवाळीनंतर पुन्हा मोजले, फरक पडलेला नव्हता. चुंबकाच्या बुडाला गंज धरू नये म्हणून खाली पातळ प्लास्टिक घातले आहे, पकड पुरेशी राहते.

काय वेगळे करता आले असते

मशीन जोडतानाचा दुसरा स्क्रू. दुकानाने तो लावला असता तर बहुधा टेकूचा विषयच इतक्या लवकर निघाला नसता. नवे मशीन घरी आणल्यावर काच काढून ब्रॅकेटचे स्क्रू मोजणे हे कुणालाही जमण्यासारखे आहे.

फोंड्याची फेरी. एवढे जड कार्ड आत ठेवून मशीन गाडीत न्यायला नको होते. कार्ड काढून त्याच्या खोक्यात घालायला दहा मिनिटे लागतात. तेवढे जमत नसेल तर कॅबिनेट निदान काच वर करून आडवे न्यावे आणि कार्डाभोवतीची पोकळी फोमने भरावी. चालू करण्याआधी तो फोम आठवणीने काढायचा.

बाटलीबद्दल मी एडिटरला दोष देत नाही. घरातल्या वस्तूचा टेकू देण्यात चूक काहीच नाही. लाकडाचा ठोकळाही चालतो, फक्त तो वीज वाहणारा नसावा, सरकणारा नसावा. जागा चार सेंटिमीटर पुढे असती तर ती गोळ्यांची बाटली आजही तिथे उभी असती. मात्र टेकू दिल्यावर लगेच मशीन तापवून, पंखे पूर्ण वेगाने फिरवून कान देणे आवश्यक होते, आणि आठवड्याने पुन्हा. प्लास्टिक एका दिवसात वाकत नाही.

आणि पहिली टकटक ऐकली त्याच सकाळी बाटली काढून पाहिली असती तर बेअरिंग वाचले असते. काही बदल केल्यानंतर नवा आवाज आला तर आधी तो बदल मागे घेऊन पाहायचा, हवामानाकडे त्यानंतर वळायचे. एडिटर आता स्टँडची उंची दर दोन-तीन महिन्यांनी कागदाच्या पट्टीने तपासतो, आणि बाहेरच्या प्रक्षेपणासाठी त्याने एक जुना लॅपटॉप घेतला आहे.